माझ्यातलं बारीक अक्षर

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे, आणि जुना म्हणवून घेताना मला यत्किंचितही लाज वाटत नाही. माझी पानं नऊशे बारा. पाठीवरचं कापड विटलंय, एक कोपरा उंदरानं चाखून पाहिलाय, आणि सुरुवातीच्या पानांवर हळदीकुंकवाचे डाग आहेत. शब्दकोशाला हळदकुंकू कशाला, असं तुम्ही म्हणाल. हसा, खुशाल हसा. मी शब्दकोश असूनही चार-पाच वर्षं देव होतो, हे माझ्या जातभाईंपैकी किती जणांना सांगता येईल?

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा चिमटीत धरून जुळाऱ्यांनी मला जुळवलं. माझी प्रत्येक नोंद कशी रचली आहे ते आधी ऐका, म्हणजे पुढची गंमत कळेल. सगळ्यात आधी ठळक अक्षरात शब्द. त्याच्यापुढे तो कोणत्या जातीचा, ते एका-दोन अक्षरांत: पुल्लिंगी असेल तर 'पु.', स्त्रीलिंगी असेल तर 'स्त्री.', नपुंसकलिंगी असेल तर 'न.', विशेषण असेल तर 'वि.'. मग कंसात तो कुठल्या भाषेतून आला ते. मग अर्थ. आणि सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात, तो शब्द लोक कसा वापरतात त्याचं उदाहरण. या सगळ्या खुणांचा खुलासा माझ्या पहिल्याच पानावर छापलेला आहे. जो ते पान वाचतो त्याला मी हातचं काही राखून ठेवत नाही.

छापखान्यातून मी गेलो भोरच्या एका वकिलांकडे. वकील मोठे चोखंदळ. बोट ओलं करून पान उलटणाऱ्याला ते घराबाहेर काढत. त्यांच्याकडे मी सुखात होतो. पण अठ्ठेचाळीस साली, संस्थान विलीन झालं त्याच वर्षी, वकील वारले. त्यांचा पुतण्या पुण्याचा. त्यानं घरातली भांडीकुंडी, आरामखुर्ची आणि मी, असे सगळे एका रांगेत भोरच्या बाजारात मांडले. आरामखुर्ची लगेच गेली. मी दोन बाजार तसाच उन्हात पडून होतो. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही.

तिसऱ्या बाजाराला गेनबा आला. गेनबा मार्गासनीचा शेतकरी, साठीच्या घरातला. गावात पोथी वाचावी ती त्यानंच. मारुतीच्या देवळात त्याच्या वडलांनी वाचली, आज्यानं वाचली, आता तो वाचत होता. घरच्या पोथ्या वाचून वाचून झिजल्या होत्या म्हणून तो नव्या पोथीच्या शोधात होता. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं, वजन जोखलं आणि डोळे मोठे केले.

"एवढी जाड! हिच्यात समदे देव असतील," तो म्हणाला, आणि पायलीभर आंबेमोहोर तांदूळ देऊन मला घेऊन गेला. आत काय आहे ते पाहायची त्याला गरजच वाटली नाही.

मित्रांनो, अशा रीतीनं मी पोथी झालो.

दोन-तीन वर्षं गेनबानं मला तांबड्या फडक्यात बांधून नुसतं पुजलं. मग एका चांगल्या मुहूर्तावर देवळात पाट मांडला, माझ्या पहिल्या पानावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. ते नेमकं खुलाशाचं पान. कुंकवाखाली निम्म्या खुणा झाकून गेल्या. गेनबाला त्याचं काही वाटलं नाही, कारण ते पान बारीक अक्षरात होतं, आणि गेनबाच्या घराण्याचा एक दंडक होता. पोथीत ठळक असेल ते देवाचं, बारीक असेल ते छापणाराचं. बारीक अक्षर मोठ्यानं वाचायचं नाही. दुसरा दंडक त्याहून कडक होता. वाचन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ जायचं. मधलं पान सोडून पुढं जाणं म्हणजे पोथी मोडणं. त्याच्या आज्यानं एकदा एक अध्याय गाळला आणि आठ दिवसांत बैल मेला, असं तो सांगे.

दर सोमवारी आणि एकादशीला दुपारची जेवणं आटोपली की वाचन सुरू होई. गेनबाचा गळा गोड. 'अंक', 'अंकुर', 'अंकुश' असे माझे शब्द तो ओवीसारखे लांबवून म्हणे आणि बायाबापड्या हात जोडून ऐकत. 'पु.', 'स्त्री.' आणि 'न.' यांचा अर्थ त्यानं स्वतःच लावला होता. 'पु.' आलं की पुरुषांनी नमस्कार करायचा, 'स्त्री.' आलं की बायकांनी. 'न.' आलं की हे करू नये अशी देवाची ताकीद, म्हणून सगळ्यांनी कानाला हात लावायचा. 'अन्न' हा शब्द 'न.' निघाला तेव्हा मात्र मंडळी बुचकळ्यात पडली. म्हातारी ठकुबाई म्हणाली, "मंग आज उपास धरायचा व्हय?" आणि धरला की हो सगळ्यांनी!

एकदा तर कहर झाला. 'आभाळ' या शब्दापुढे मी लिहिलंय, 'आकाश पहा'. म्हणजे 'आकाश' या नोंदीकडे जा, अर्थ तिथं दिला आहे. गेनबानं ते वाचलं, सगळी मंडळी लगबगीनं उठून देवळाबाहेर आली आणि मान वर करून बराच वेळ आभाळाकडे पाहत उभी राहिली. मला हसू आलं, राग मात्र आला नाही. भोरच्या वकिलांनी माझा उपयोग पुष्कळ केला, पण माझ्या सांगण्यावरून ते कधी उन्हात जाऊन उभे राहिले नव्हते.

ऐकणाऱ्यांत मागच्या खांबाला टेकून एक बाई बसे. ती सारजाबाई. मार्गासनीच्या वर डोंगरात धनगरांची चार घरं होती. गवतानं शाकारलेल्या त्या घराला ते लोक झाप म्हणतात. त्यातल्या एका झापात सारजाबाई राहायची. नवरा मागेच गेलेला. सोळा गुरं, चाळीसेक शेळ्या आणि सासरा हैबती, एवढा तिचा संसार. सोमवारी ती तूप घेऊन खाली यायची, तूप घालून झालं की वाचन ऐकायची. त्याच सुमारास गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला. पहिल्या दिवशी वीस बाया आल्या, महिन्यानं सहा उरल्या, पावसाळा लागल्यावर एकच उरली. डोंगर उतरून येणारी, सगळ्यांत लांबची. भिंतीवरच्या तक्त्यातली बाराखडी तिनं पाठ केली आणि अक्षराला अक्षर लावून ती वाचू लागली.

चोपन्न सालच्या माघात गावात दवंडी पिटली. वरच्या कुरणाची चौकशी करायला पुढच्या बुधवारी सरकारी साहेब येणार, ज्याच्याजवळ जुना कागद असेल त्यानं तो घेऊन चावडीवर यावं.

हे प्रकरण काय ते सांगतो. धनगरांच्या झापाजवळ मोठं कुरण होतं आणि कुरणात एक झरा. चैत्र-वैशाखात सगळा डोंगर कोरडा पडला तरी तो आटत नसे. गावातल्या रखमाजी नावाच्या शेतकऱ्याला तो झरा बांधून पाटानं आपल्या शेतात आणायचा होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मनात पाण्यानं घर केलं होतं. हैबतीजवळ संस्थानच्या वेळचा कागद होता. मूळ मोडीतला, भोरच्या एका कारकुनानं खाली बाळबोधीत उतरवून दिलेला. त्यात लिहिलं होतं, 'वरचे कुरण हैबती धनगर यास गुरांसाठी दरोबस्त दिले असे.' झऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. आणि 'दरोबस्त' म्हणजे काय, ते हैबतीला माहीत नव्हतं, गावाला माहीत नव्हतं. रखमाजी म्हणे, "कागदात गवत दिलंय, पानी न्हाई." सारजाबाईला एवढंच कळत होतं की झरा गेला की गुरं गेली, आणि गुरं गेली की झाप मोडून डोंगर सोडायचा.

सोमवारी ती देवळात आली ती कागद पदरात घेऊनच. वाचन संपल्यावर ती गेनबापुढे बसली.

"तात्या, एवढा एक सबूद पोथीत बगून द्या."

गेनबानं कागद डोळ्यांजवळ नेला. "द-रो-बस्त. असंल बी पोथीत. पण आपन आता 'क' मदी हाय. 'द' लई लांब."

"किती लांब?"

गेनबानं माझ्या पानांच्या थरावरून अंगठा फिरवला. "अशीच वाचत ग्येलो तर परवाच्या दिवाळीला यील."

"सायेब परवा येनार हाये, तात्या. परवाच्या दिवाळीला न्हाई. येवढी पानं उलटा की."

"मधली पानं टाकू? पोथी मोडू? डोकं फिरलंय का तुजं, सारजे? आज्याचा बैल ठाव हाय न्हवं?"

वाचन थांबलं होतं तिथं गेनबानं माझ्यात मोरपीस घातलं, मला फडक्यात गुंडाळलं आणि बैलांना पाणी दाखवायला तो बाहेर गेला. देवळात ती आणि मी, दोघंच उरलो.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा क्षण. सारजाबाई उठली, पायांवर पाणी घेऊन आली, मारुतीला हात जोडले आणि तिनं फडक्याची गाठ सोडली. मोरपिसाला तिनं हातही लावला नाही. स्वतःशीच पुटपुटली, "तुमची पोथी हितंच ऱ्हाऊ द्या तात्या. म्या निस्तं इचारून येते."

दोन वर्षं खांबाला टेकून ती नुसती ऐकत नव्हती. आधी सगळे 'अ', मग 'आ', आता 'क', हे तिच्या ध्यानात आलं होतं. वर्गातल्या तक्त्यावरची अक्षरं ज्या ओळीनं उभी होती त्याच ओळीनं माझे शब्द चालले होते. तिच्या शेळ्याही रोज ठरल्या क्रमानं पायवाट उतरत. कोणती कुठं असेल ते तिला न बघता कळे. तिनं अंदाजानं मला मधोमध उघडलं. 'प' निघाला. "पुढं आले," म्हणाली, आणि मागं सरली. 'त'. 'थ'. मग 'द'. मग 'दर'. तिचं बोट शब्दाशब्दावर थबकत उतरत होतं. वकिलांचं बोट भरभर चाले, पण या बोटासारखं आदरानं माझ्या अंगावरून कुणाचं बोट फिरलेलं मला आठवत नाही.

शब्द सापडला. तिनं ठळक वाचलं, अर्थ वाचला. मग खाली बारीक अक्षर होतं. तिथं ती अडखळली. गेनबाचा दंडक तिला ठाऊक होता. पण ती वाकली, कागदाला नाक लागेल इतकी वाकली, आणि बारीक अक्षरही लावून लावून वाचलं. वाचून झाल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं मला पहिल्या पानावर आणलं, पदराच्या टोकानं कुंकू हलकेच बाजूला केलं आणि खुलाशाचं अख्खं पान वाचून काढलं.

तेवढ्यात गेनबा दारात उभा.

"काय केलंस ह्ये!"

"तात्या, पीस हाये तितंच हाये. बगा."

गेनबानं पाहिलं. पीस खरंच 'क' मध्ये होतं. त्याला धड रागावताही येईना. "आन् बारीक अक्शर बी वाचलंस?"

"वाचलं. कळपात बारकं करडू मागं ऱ्हातंय, म्हनून ते आपलं न्हाई व्हय, तात्या?"

मला उचलून गेनबा तरातरा घरी घेऊन गेला. त्याचा जीव दुखावला होता, हे मला त्याच्या हातांवरून कळलं. पण बुधवारी सकाळी त्यानं मला डोक्यावर घेतलं आणि चावडीवर आणलं. "पोथी गावाची हाय, आन् पोथी वाचनारा म्या हाय," एवढंच तो बोलला.

चावडीवर गाव लोटलं होतं. साहेब तरुण होते, कामाला चोख. त्यांनी कागद वाचला आणि भुवया वर केल्या. "कुरण दिलं हे खरं. पण झऱ्याचा उल्लेख नाही. हा 'दरोबस्त' शब्द मलाही माहीत नाही."

"पोथीत हाये," सारजाबाई म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खुर्चीतून अर्धे उठलेच. "अहो, हा तर शब्दकोश!" त्या एका वाक्यानं माझी छाती फुगली. किती वर्षांनी मला कुणी माझ्या नावानं हाक मारली होती! "वाचा," ते गेनबाला म्हणाले.

गेनबानं सारजाबाईनं दाखवलेलं पान उघडलं. खणखणीत आवाजात वाचलं, "दरोबस्त. वि. फा. सगळे, पूर्ण." आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणे, बारीक अक्षर आलं तिथं तो थांबला.

रखमाजी लगेच पुढं झाला. "सगळं गवत! आमी कुटं न्हाई म्हनतो? सगळं गवत त्यांचं. गुरांसाठी म्हंजे चारा. पानी निराळं." चार जणांनी माना हलवल्या. साहेबांनीही टाक उचलला.

"सायेब, थांबा. अजून संपलं न्हाई." सारजाबाई चावडीच्या पायरीखाली उभी होती, ती वर आली. भरल्या चावडीवर बायका वर येत नसत. ती आली, माझ्यापुढे बसली आणि तिनं बोट ठेवलं. एकही अक्षर तिनं सोडलं नाही.

"दरोबस्त. वि. म्हंजे विशेषन. कंसात फा. म्हंजे फारशी. जुना दरबारातला सबूद हाये सायेब, म्हनून कुनाला ठाव न्हाई. सगळे, पूर्ण." मग ती खाली वाकली. "उदा. म्हंजे उदाहरन. 'वाडी झाडापाण्यासह दरोबस्त दिली.'"

साहेबांनी टाक खाली ठेवला.

"झाडापान्यासह," ती पुन्हा म्हणाली.

साहेबांनी मला आपल्याकडे ओढून घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली. एकदा, आणि पुन्हा एकदा. मग रखमाजीकडे पाहून म्हणाले, "त्या काळी हा शब्द कसा वापरत, ते इथं लिहिलंय. आतलं काहीच बाजूला राहत नाही. झरा कुरणात आहे, तेव्हा झरा यांचा." आणि तसं त्यांनी लिहून घेतलं. हैबती म्हातारा भिंतीशी बसला होता, त्यानं डोक्याचं मुंडासं काढून डोळे पुसले. रखमाजी उठून हैबतीजवळ गेला आणि म्हणाला, "बाबा, पाऊसकाळात वाहून जाईल तेवढं तरी घिऊ द्या." हैबतीनं मान डोलावली.

गेनबाचं काय झालं, ते तुम्हाला ऐकायचं असेल. पुढच्या सोमवारी त्यानं पाट मांडला, माझं पहिलं पान उघडलं, ओल्या फडक्यानं कुंकू अलगद टिपून घेतलं आणि मंडळींना सांगितलं, "आजपातूर आपलं चुकलं. पुन्यांदा पयल्यापासनं वाचायचं. बारीक बी वाचायचं." साठीच्या माणसानं भर देवळात असं म्हणणं सोपं नसतं. त्या दिवशी मला गेनबाचा फार अभिमान वाटला. 'अन्न' पुन्हा आलं तेव्हा ठकुबाईनं मागच्या उपासाबद्दल त्याला जे सुनावलं, ते मात्र माझ्यात छापलेलं नाही.

त्यानंतर मला उसंत म्हणून मिळाली नाही. पार गुंजवणे गावापासून माणसं आपापले कागद घेऊन येत, आणि सारजाबाई सोमवारी तूप घालून झालं की त्यांच्यासाठी माझी पानं काढी. शब्द, खूण, कंस, अर्थ, उदाहरण. कुणी अर्ध्यावर उठू लागला की ती त्याला हाताला धरून खाली बसवी.

असा मी साठ सालापर्यंत आलो. गर्व झाला होता म्हणा ना. माझ्यात नाही असा शब्दच नाही, असं मला वाटे. त्या उन्हाळ्यातल्या एका सोमवारी सारजाबाई एकटीच आली. तिनं 'झ' काढला. बोट 'झाडू'वर आलं, तिथून थेट 'झापड'वर गेलं. ती पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. ती काय शोधते आहे ते मला कळलं, आणि मित्रांनो, नऊशे बारा पानं असून मला तोंड लपवावंसं वाटलं.

"येवढा जाड तू," ती मला म्हणाली, "आन् माजं घरच न्हाई व्हय रं तुज्यात?"

पुण्यातल्या ज्या विद्वानांनी मला रचलं ते थोर होते. पण ते कधी मार्गासनीच्या वर चढले नव्हते. जे घर वाचवून मी गावभर मिरवलो, त्या घराचं नाव माझ्यात नव्हतं.

सारजाबाई उठली. मग तिनं देवळाच्या कोनाड्यातून साक्षरता वर्गातली पेन्सिल आणली, तिचं टोक दगडावर घासलं, आणि 'झाडू' व 'झापड' यांच्या मधोमध, समासात, एकेक अक्षर काढत लिहिलं:

'झाप — पु. धनगराचं घर. उदा. आमचा झाप झऱ्यापाशी हाये.'

लिहून झाल्यावर तिनं त्यावर फुंकर घातली आणि पान बराच वेळ उघडंच ठेवलं.

मला कपाटात कुलूपबंद ठेवू नका, मित्रांनो. खुशाल हाताळा, रोज उघडा. पान झिजलं तरी माझी तक्रार नाही. फक्त 'झ'च्या त्या पानावर आलात की हात जरा हलका ठेवा. माझे बाकीचे सगळे शब्द शाईचे आहेत, ते जायचे नाहीत. तिचा शब्द पेन्सिलीचा आहे.